अनुपात की रोध? : अंकीय विभवमापीच्या परिपथ-आराखड्यातील वापराची चिकित्सा (महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या संदर्भात)

सारांश

हाताने फिरवायच्या पोटेन्शिओमीटरच्या जागी अंकीय विभवमापी, म्हणजेच डिजिटल पोटेन्शिओमीटर, बसविण्याची पद्धत विद्यार्थी प्रकल्पांत रूढ झाली आहे. ही अदलाबदल वरकरणी सोपी दिसते. प्रत्यक्षात नॉबबरोबर तो नॉब फिरविणारा माणूस आणि त्याचे निरीक्षणही परिपथातून वजा होते. प्रस्तुत लेखात या 'बदली घटक' कल्पनेची चिकित्सा केली आहे. अंकीय विभवमापीचा विश्वासार्ह गुण त्याचा रोध नसून त्याचा अनुपात आहे, आणि हा धडा तारेच्या विभवमापीच्या जुन्या प्रयोगात आधीपासूनच शिकविला जातो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अंकीय विभवमापी, वायपर, अनुपात, टॉलरन्स, परिपथ-आराखडा, प्रयोगशाळा अध्यापन

१. प्रस्तावना

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याचे पहिले प्रात्यक्षिक पुष्कळदा प्रयोगशाळेत न होता बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत होते. रोधक, धारित्र, आयसी, ब्रेडबोर्ड यांच्या यादीत 'दहा के चा पॉट' हमखास असतो. व्हॉल्यूम कंट्रोल, प्रीसेट, ट्रिमपॉट ही त्याचीच रूपे होत. मायक्रोकंट्रोलर महाविद्यालयीन प्रकल्पांचा केंद्रबिंदू झाल्यापासून या यादीत अंकीय विभवमापीची भर पडली. 'हाताने फिरवायचे ते आता प्रोग्रॅमने फिरवू' हा त्यामागील विचार असतो आणि प्रकल्प-अहवालातही तो जवळजवळ याच शब्दांत लिहिला जातो.

या विचारात चूक आहे असे प्रथमदर्शनी वाटत नाही. आकृतीत दोन्ही घटकांचे चिन्ह जवळजवळ सारखेच असते : दोन टोके आणि मधला बाण. दोन्हींवर १० किलोओहम असेच लिहिलेले असते. तथापि चिन्हाचे साम्य म्हणजे गुणधर्मांचे साम्य नव्हे. चिन्ह पाहून केलेली अदलाबदल फसली की विद्यार्थी आयसीला दोष देतो, शिक्षक जोडणीला दोष देतात आणि शेवटी दुसरी आयसी आणली जाते. आराखड्यातील मूळ चूक मात्र तशीच राहते.

२. घटकाचे स्वरूप

अंकीय विभवमापीच्या आत सरकणारा कोणताही भाग नसतो. समान रोधकांची एक साखळी असते. तिच्या प्रत्येक सांध्याला एक इलेक्ट्रॉनिक स्विच जोडलेला असतो आणि दिलेल्या सांकेतिक संख्येनुसार एका वेळी एकच स्विच चालू होतो. हा चालू स्विच म्हणजेच त्याचा 'वायपर' होय.

महाविद्यालयीन प्रकल्पांत नेहमी दिसणारी दोन उदाहरणे घेता येतील. झायकॉर कंपनीच्या एक्स९सी१०३ मध्ये १०० पायऱ्या असून वर-खाली सरकविण्याच्या साध्या संकेतांनी तो चालतो. (ही कंपनी २००४ मध्ये इंटरसिलकडे आणि इंटरसिल २०१७ मध्ये रेनेसासकडे गेली.) मायक्रोचिपच्या एमसीपी४१०१० मध्ये २५६ पायऱ्या असून तो एसपीआय पद्धतीने चालतो. पुढील विवेचनात प्रामुख्याने दुसऱ्या घटकाचे आकडे घेतले आहेत.

त्याच्या डेटाशीटमधील काही नोंदी विचारात घेण्याजोग्या आहेत. नाममात्र १० किलोओहम रोध प्रत्यक्षात ८ ते १२ किलोओहमच्या दरम्यान कुठेही असू शकतो. वायपरच्या स्विचचा स्वतःचा रोध ५.५ व्होल्टला साधारण ५२ ओहम आणि कमाल १०० ओहम असतो. वायपरमधून १ मिलिअँपिअरपेक्षा अधिक धारा जाऊ देणे वर्ज्य आहे. तिन्ही टोकांवरील विभव ग्राउंड आणि पुरवठा यांच्या मर्यादेतच राहिले पाहिजे. वीज गेल्यावर घटक आपली जागा विसरतो आणि पुन्हा वीज येताच मध्यावर, म्हणजे १२८ या संख्येवर, उभा राहतो. यातील एकही अट कार्बन पट्टीच्या पॉटला अशा स्वरूपात लागू होत नाही.

३. 'बदली घटक' कल्पनेची परीक्षा

समायोज्य वीजपुरवठा हा पदविका आणि पदवी स्तरावरील लोकप्रिय प्रकल्प आहे. एलएम३१७ या नियंत्रकाच्या निर्गम आणि समायोजन टोकांमध्ये १.२५ व्होल्ट स्थिर राहतात. तेथे २४० ओहमचा रोधक असतो आणि समायोजन टोकापासून ग्राउंडपर्यंत पॉट असतो. या पॉटच्या जागी एमसीपी४१०१० बसविला आणि निर्गम १२ व्होल्ट हवा असेल, तर काय घडते याचा हिशेब करून पाहता येतो.

२४० ओहममधून १.२५ व्होल्टमुळे सुमारे ५.२ मिलिअँपिअर धारा वाहते आणि तीच पॉटमधून जाते. घटकाची मर्यादा १ मिलिअँपिअर आहे, म्हणजे ती पाचपटीने ओलांडली जाते. समायोजन टोकाचे विभव १२ वजा १.२५, म्हणजे १०.७५ व्होल्ट होते. घटकाचा कमाल कार्यकारी पुरवठा ५.५ व्होल्ट असल्याने तीही मर्यादा जवळपास दुपटीने मोडते. घटक तगला असे क्षणभर गृहीत धरले तरी वीज चालू करताच तो मध्यावर उभा राहणार. मागील वेळी निर्गम किती ठेवला होता याची त्याला आठवण नसल्याने निर्गम त्या मध्याच्या संख्येनुसार ठरणार आणि जोडलेल्या उपकरणाला तो सोसावा लागणार. साध्या पॉटचा नॉब मात्र रात्री ज्या खुणेवर ठेवला त्याच खुणेवर सकाळी सापडतो.

हा हिशेब दोन ओळींचा आहे. तो न करता परिपथ जोडला जातो, याचे कारण विद्यार्थ्याला गुणाकार येत नाही हे नव्हे. 'पॉटच्या जागी पॉट' असे मनाशी एकदा ठरले की हिशेब करण्याचे प्रयोजनच उरत नाही, हे खरे कारण आहे.

४. हात काढला की डोळाही जातो

यापेक्षा सूक्ष्म अशी एक अडचण आहे आणि लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे. साध्या कार्बन पॉटचा टॉलरन्सही काही फार चांगला नसतो. तोही वीस टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. मग त्याच्यावर चाललेली असंख्य उपकरणे इतकी वर्षे बिनबोभाट कशी चालली?

याचे उत्तर परिपथात नसून परिपथाबाहेर आहे. नॉब फिरविणारा माणूस मीटरकडे पाहत असतो किंवा ध्वनी ऐकत असतो. काटा हव्या त्या खुणेवर आला की तो थांबतो. त्या क्षणी पॉटचा रोध ४.१ किलोओहम आहे की ५.३, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. घटकाची चूक माणसाच्या निरीक्षणाने भरून निघते. आकृतीत न दाखविलेला एक फीडबॅक तेथे सतत काम करीत असतो.

अंकीय विभवमापी बसविल्यावर हा फीडबॅक तुटतो. प्रोग्रॅम '६४' ही संख्या पाठवितो आणि पुढे जातो. परिणाम काय झाला ते तो पाहत नाही. त्यामुळे पूर्वी माणसाने पोटात घातलेली प्रत्येक चूक आता थेट निर्गमात उतरते. म्हणून हात काढून घेणाऱ्या आराखड्याने पुढीलपैकी एक गोष्ट केलीच पाहिजे : परिणाम मोजून त्याप्रमाणे संख्या बदलणे, किंवा घटकाच्या चुकीचा परिणामाशी संबंधच येणार नाही अशी जोडणी करणे. पहिला मार्ग मोजमापाचा आहे आणि दुसरा अनुपाताचा.

५. रोध आणि अनुपात

ऑप-ॲम्पच्या अव्यस्त, म्हणजे नॉन-इन्व्हर्टिंग प्रवर्धकाचे उदाहरण दोन प्रकारे मांडता येते.

पहिल्या प्रकारात विभवमापीचे एक टोक आणि वायपर एवढेच वापरून त्याला चल रोधक केले जाते. तो फीडबॅकमध्ये आणि १ किलोओहमचा स्थिर रोधक ग्राउंडकडे जोडला जातो. पूर्ण रोधाला कागदावरील प्रवर्धन ११ येते. प्रत्यक्ष रोध ८ किलोओहम असल्यास ते ९ होते आणि १२ किलोओहम असल्यास १३. एकाच पाकिटातील दोन आयसी बदलून बसविल्या तर एकाच प्रोग्रॅमचे दोन निकाल येऊ शकतात. वायपरचे ५२ ओहमही या रोधात मिळतात. १० किलोओहमची २५६ वी वाटणी म्हणजे एक पायरी ३९ ओहमची होते. म्हणजेच वायपरचा स्वतःचा रोध एका पायरीपेक्षा मोठा आहे.

दुसऱ्या प्रकारात विभवमापीची दोन टोके ऑप-ॲम्पचा निर्गम आणि ग्राउंड यांना जोडली जातात, आणि वायपर व्यस्त आगमाला. आता निर्गमाचा संख्या/२५६ एवढा अंश परत येतो. म्हणून प्रवर्धन २५६ भागिले संख्या एवढे होते : १२८ ला २ आणि ६४ ला ४. एकूण रोध ८ किलोओहम असो वा १२, दोन्ही भाग एकाच साखळीचे असल्याने ते एकाच प्रमाणात कमी-अधिक होतात आणि भागाकारात चूक निघून जाते. वायपरमधून ऑप-ॲम्पच्या आगमाकडे जाणारी धारा नगण्य असते. म्हणून ५२ ओहमवर विभवपात होत नाही आणि तो रोध असूनही नसल्यासारखा होतो. संकेत मात्र ० ते ५ व्होल्टच्या मर्यादेत ठेवण्याची काळजी येथेही घ्यावी लागते.

तापमानाच्या बाबतीत हा फरक अधिकच ठळक आहे. या घटकाचा रोध दर अंशाला साधारण ८०० दशलक्षांशांनी बदलतो, तर त्याचा अनुपात केवळ १ दशलक्षांशाने. पुण्यात हिवाळ्याच्या पहाटे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ते ४० अंशांवर जाते. या ३० अंशांच्या फरकाने चल रोधकाच्या जोडणीत २.४ टक्के, तर अनुपाताच्या जोडणीत ०.००३ टक्के बदल होतो. घटक तोच, किंमतही तीच. फरक पडतो तो केवळ तीन तारा कोठे जोडल्या यामुळे.

६. तारेच्या विभवमापीचा विस्मृत धडा

वरील विवेचनात नवे असे काही नाही, आणि हीच खरी खेदाची बाब आहे. योहान क्रिस्टियान पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये मांडलेल्या विभवमापीच्या तत्त्वात ते सर्व आहे. महाराष्ट्रात बारावीच्या भौतिकशास्त्रात लाकडी फळीवर ताणलेली तार, जॉकी आणि गॅल्व्हॅनोमीटर घेऊन हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या करून घेतला गेला. दोन विद्युतघटांच्या विद्युतचालक बलांची तुलना तारेच्या दोन लांबींच्या गुणोत्तराने होते. तारेचा रोध किती, हे त्या सूत्रात कोठेही येत नाही.

संतुलनबिंदूवर जॉकीमधून धारा वाहत नाही. म्हणूनच गॅल्व्हॅनोमीटरच्या मालिकेत त्याच्या रक्षणासाठी मोठा रोध ठेवला तरी संतुलनबिंदू हलत नाही. या संरक्षक रोधाच्या जागी वायपरचे ५२ ओहम आणि जॉकीच्या जागी वायपर ठेवला की ऑप-ॲम्पची वरील जोडणी तयार होते. व्होल्टमीटर स्वतः धारा घेतो म्हणून तो विद्युतचालक बल अचूक दाखवीत नाही, हे तोंडी परीक्षेतील ठरलेले उत्तरही येथे तंतोतंत लागू पडते. ५ व्होल्टवर जोडलेल्या १० किलोओहमच्या विभवमापीच्या मध्यावर २.५ व्होल्ट मिळावेत. तेथे १० किलोओहमचा भार लावताच सुमारे २ व्होल्टच मिळतात. प्रोग्रॅम अचूक असतो आणि संख्याही बरोबर असते, पण भार धारा घेत असल्याने उत्तर वीस टक्क्यांनी चुकते.

विद्यार्थी हा धडा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकतो आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत शिरताना बाहेर ठेवून येतो. दोन्ही ठिकाणी उपकरणाचे नाव एकच आहे, हेही त्याच्या लक्षात आणून दिले जात नाही. भाषेचाही येथे थोडा दोष आहे. 'पॉट' या बोलीतील संक्षेपात मापनाचा अर्थ हरवला आणि फक्त फिरविण्याचा अर्थ उरला. 'विभवमापी' हा शब्द जड वाटला तरी घटकाचा रोधाऐवजी विभवाच्या वाटणीशी असलेला संबंध तो विसरू देत नाही.

७. अनुपाताच्याही मर्यादा

अनुपाताचा मार्ग निर्दोष आहे असा दावा करणे एकांगी ठरेल. त्याच्या किमान तीन मर्यादा नमूद केल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा पायऱ्यांची. वरील प्रवर्धकात ३ या संख्येला प्रवर्धन ८५.३, २ ला १२८ आणि १ ला २५६ होते. मधली कोणतीही किंमत मिळत नाही, आणि शून्य पाठविल्यास फीडबॅक तुटून निर्गम टोकाला जाऊन बसतो. ध्वनिनियंत्रणातही हेच दिसते. १ वरून २ वर जाताना पातळी ६ डेसिबलने उडी मारते, तर १२७ वरून १२८ वर जाताना ती ०.०७ डेसिबलनेच बदलते. शांत आलापीच्या ध्वनिमुद्रणात अशी खालची उडी श्रोत्याला जाणवल्याशिवाय राहणार नाही.

दुसरी मर्यादा स्मृतीची. एक्स९सी१०३ आपली जागा वीज गेल्यावरही लक्षात ठेवतो. पण अशा लेखनाची हमी एक लाख वेळांची आहे. प्रोग्रॅमने दर सेकंदाला जागा साठविली तर ही हमी सुमारे २८ तासांत संपते. शुक्रवारी दुपारी चालू केलेला प्रकल्प शनिवारी संध्याकाळी आपले आयुष्य संपवून बसलेला असतो. जागा न साठविता वायपर हलविण्याची सोय याच आयसीत आहे. निवड-संकेत काढून घेताना पायरी-संकेत नीच पातळीवर ठेवला की साठवण टळते. ती ओळ डेटाशीटमध्ये आहे, पण ती वाचली जात नाही.

तिसरी मर्यादा वारंवारतेची. १० किलोओहमच्या घटकाची मर्यादा मध्यावर सुमारे १ मेगाहर्ट्‌झ, तर १०० किलोओहमच्या घटकाची सुमारे १४५ किलोहर्ट्‌झ आहे. स्विचांची धारिता हे त्याचे कारण होय. या संदर्भात पुणे जिल्ह्यातीलच एक उदाहरण उद्बोधक आहे. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर आहेत, आणि सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे. तेथे प्रत्येक अँटेनापाशी जाऊन नॉब फिरविणे अशक्य आहे. म्हणजे हात काढून घेण्याची गरज तेथे खरोखरची आहे. तरीही सूर्यासारख्या प्रखर स्रोताच्या निरीक्षणासाठी संकेत कमी करायचा तेव्हा ठरावीक मूल्यांचे क्षीणक दूरनियंत्रणाने मार्गात आणले जातात. १५० मेगाहर्ट्‌झपासून पुढच्या वारंवारतांवर अंकीय विभवमापीचा विचारही करता येत नाही. हवे असलेले कार्य तेच असले तरी घटक परिस्थितीनुसार निवडावा लागतो.

८. संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला असा की, मायक्रोकंट्रोलर असताना अनुपाताचा आग्रह कशासाठी? निर्गम मोजावा आणि चूक प्रोग्रॅमने सुधारावी. हा आक्षेप रास्त आहे, आणि चौथ्या विभागात सांगितलेला मोजमापाचा मार्ग तो हाच. मात्र तो पत्करल्यास मोजणारा परिवर्तक, त्याचा स्थिर संदर्भ आणि सुधारणेची पद्धत या तिन्ही गोष्टी आराखड्यात दिसल्या पाहिजेत. एकदाच मोजून कोष्टक साठविले तर तापमानातील बदल त्यातून सुटतो. शिवाय ऑप-ॲम्पची तार बदलून जी चूक फुकट नाहीशी होते, ती प्रोग्रॅम लिहून दूर करणे हे कौशल्याचे लक्षण मानता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, अंक-सदृश परिवर्तक म्हणजे डीएसी, किंवा पीडब्ल्यूएम, यांनी हे काम होत असताना अंकीय विभवमापी हवाच कशाला? स्थिर नियंत्रण-विभव हवे असेल तर हे पर्याय अनेकदा सरस ठरतात. एलएम३१७ च्या प्रकल्पातही, ऑप-ॲम्प आणि ट्रान्झिस्टर यांना ५ व्होल्टच्या आतील संदर्भ-विभव पुरविण्याचे काम विभवमापी किंवा परिवर्तक यांपैकी कोणीही सुरक्षितपणे करील. परंतु बदलता संकेतच ठरावीक प्रमाणात कमी करायचा असेल, तर विभवमापी त्याला सरळ वाट देतो. त्याचे खरे क्षेत्र तेच आहे.

९. निष्कर्ष

अंकीय विभवमापी हा हाताने फिरवायच्या पॉटचा सुधारित अवतार नाही. तो वेगळ्या अटींवर काम करणारा वेगळा घटक आहे. त्याचा रोध अविश्वसनीय आणि अनुपात विश्वसनीय आहे. या एका वाक्याच्या आधारे त्याच्या बहुतेक योग्य आणि अयोग्य जोडण्या ओळखता येतात. आराखड्यात तो चल रोधक म्हणून दिसला तर तेथे मोजमाप आहे का, हे पाहावे. तीन टोकांनी जोडलेला दिसला तर वायपरमधून धारा वाहते का, हे पाहावे.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून तीन सूचना निघतात. पहिली, प्रकल्पाच्या मूल्यमापनात 'चालते का' या प्रश्नाइतकेच गुण 'दुसरी आयसी बसविल्यावरही तसेच चालेल का' या प्रश्नाला असावेत. दुसरी, प्रकल्प-अहवालात वापरलेल्या आयसीच्या कमाल धारा, विभव आणि टॉलरन्स यांचे एक कोष्टक असावे आणि परिपथातील प्रत्यक्ष आकडे त्याशेजारी लिहिलेले असावेत. तिसरी, तारेचा विभवमापी आणि अंकीय विभवमापी एकाच टेबलावर ठेवून एक जोड-प्रात्यक्षिक घ्यावे. त्यात दोन्हींच्या मध्यबिंदूवर प्रथम भाराशिवाय आणि मग भारासह वाचन घ्यावे. त्यासाठी लागणारे साहित्य बहुतेक महाविद्यालयांत आधीच आहे. फळीवरील तार भौतिकशास्त्र विभागाच्या कपाटात असते आणि आयसी इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या. ही दोन कपाटे एकाच तासाला उघडली जावीत, एवढीच अपेक्षा आहे.